पायाचा जोर आणि इंजिनाचा श्वास

मोटारीच्या इतिहासाची पुस्तके चाळली तर इंजिनाला शंभर पाने मिळतात, बॉडीच्या वळणांना पन्नास, आणि ब्रेकला जेमतेम चार-पाच. त्या चार-पाचांतही बॉनेट उघडल्यावर चालकाच्या बाजूला दिसणारा तो गोल, काळा, पत्र्याचा डबा, म्हणजे ब्रेक बूस्टर, एका वाक्यात उरकलेला असतो. ते वाक्य साधारण असे: पुढे चालकाच्या सोयीसाठी पॉवर ब्रेक आले.

गेली काही वर्षे माझे या वाक्याशी भांडण चालू आहे. माझे शिक्षण आयटीआयपर्यंतचे. बाकी जे काही कळते ते लेथवर उभे राहून, पुण्याच्या जुन्या बाजारात वजनावर घेतलेल्या वर्कशॉप मॅन्युअलांतून आणि पेटंटची जुनी चित्रे भिंग लावून पाहून कळलेले. त्यातून माझे मत असे झाले आहे की बूस्टर सोयीसाठी आला नाही. तो वेगवान आणि जड गाड्यांच्या गरजेतून आला. आणि अशा गाडीला कोणता बूस्टर लावायचा, किंवा लावायचाच नाही, हा निर्णय चालकाच्या आवडीने फार थोड्या वेळा झाला. तो ठरवला दोन गोष्टींनी: चाकातला ब्रेक कोणत्या जातीचा आहे, आणि इंजिन श्वास कसा घेते.

आधी हा डबा करतो काय ते सांगतो, कारण गॅरेजमध्येसुद्धा याबाबत बराच घोळ असतो. डब्याच्या आत रबराचा एक मोठा पडदा असतो. त्याने डब्याचे दोन कप्पे होतात. पेट्रोल इंजिन सेवन-नळीतून, म्हणजे मॅनिफोल्डमधून, हवा ओढत असते. त्याच ओढीला एक होज जोडून दोन्ही कप्प्यांतली हवा काढलेली असते. ब्रेकच्या पेडलवर पाय पडला की एक झडप दोन कप्प्यांमधली वाट बंद करते आणि पायाकडच्या कप्प्यात बाहेरची हवा सोडते. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पोकळी. पडदा पुढे ढकलला जातो आणि मास्टर सिलिंडरचा दट्ट्या आत जातो. ब्रेक दाबणारी शक्ती इंजिनाची नसतेच. ती आपल्या डोक्यावरच्या हवेची असते. इंजिन फक्त समोरच्या खोलीतली हवा काढून घेते.

हिशेब सोपा आहे. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ होते सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. इंजिन आयडलला पाऱ्याच्या ५०० मिलिमीटरइतकी ओढ देत असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.६८ किलो दाब मिळतो, म्हणजे एकूण दोनशे किलोंच्या वर. तीच ओढ २५० मिलिमीटरवर आली की मदत निम्मी, शंभर किलोंच्या आसपास. हे दोन आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत, पुढे लागतील. जाता जाता सांगतो: शक्ती हवेच्या दाबाची असल्यामुळे उंचीवर ती कमी होते. महाबळेश्वरला समुद्रकिनाऱ्यापेक्षा हवेचा दाब सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी असतो, लडाखच्या उंच खिंडींत तर जवळजवळ निम्मा. घाटमाथ्यावर पेडल जरा कडक वाटले तर तो भास नव्हे.

या यंत्रातली खरी अक्कल पडद्यात नाही, झडपेत आहे. नुसती मदत करणारा डबा कोणीही केला असता. पण पाय थोडा दाबला तर थोडी मदत, जास्त दाबला तर जास्त, आणि पाय थांबला की मदतही तिथेच थांबली पाहिजे. त्यासाठी आत रबराची एक जाड चकती बसवतात. मास्टर सिलिंडरकडून येणारा उलटा दाब त्या चकतीतून थोडासा पायाकडे परत येतो. चालकाला ब्रेक ‘जाणवतो’ तो या चकतीमुळे. शर्यतवाले बूस्टरला नावे ठेवतात ती पुष्कळदा प्रत्यक्षात या चकतीच्या मापाला असतात.

आणखी एक. बूस्टरने गाडी कमी अंतरात थांबते, ही समजूत अर्धवट आहे. गाडी थांबवतो टायर आणि रस्त्याचा धरबंध. ब्रेकने फक्त तितकी उष्णता पोटात घ्यायची असते. पायाने चाके जाम करता येत असतील तर बूस्टर त्यात कणाचीही भर घालत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की पायाने ते जमते का? आणि किती वेळा जमते?

हा प्रश्न प्रथम नीट उभा राहिला तो चारही चाकांना ब्रेक आले तेव्हा. १९१४च्या जुलैमध्ये फ्रान्समधल्या लियाँजवळ ग्रां प्री झाली. प्यूजो, देलाज, फियाट अशा काही गाड्यांना पुढच्या चाकांवरही ब्रेक होते. मर्सिडीजला फक्त मागे. पहिले तीन क्रमांक मर्सिडीजने घेतले, त्यामुळे पुढच्या ब्रेकची चर्चा मागे पडली, आणि महिन्याभरात युद्धच सुरू झाले. पण बाकीच्यांनी पाहायचे ते पाहिले होते. गाडी थांबताना तिचे वजन पुढे येते, त्यामुळे खरे काम पुढची चाके करू शकतात. अडचण अशी की दोन ऐवजी चार ब्रेक एकाच पायाने, सळ्या आणि तारांच्या जोडणीतून ओढायचे. पाय तोच, काम दुप्पट.

यावर पहिले देखणे उत्तर दिले मार्क बिर्किग्टने. जन्माने स्विस, कारखाना स्पेन आणि फ्रान्समध्ये, आणि युद्धात नाव झाले ते विमानांच्या इंजिनांमुळे. १९१९च्या पॅरिस प्रदर्शनात त्याची हिस्पानो-सुइझा एच ६ आली. सहा सिलिंडर, सुमारे ६.६ लिटरचे इंजिन. या गाडीत गिअरबॉक्सवरून फिरणारा एक छोटा ड्रम होता. पेडल दाबले की त्या फिरत्या ड्रमवर घर्षणाची पकड बसे, आणि त्याची फिरण्याची ओढच ब्रेकच्या सळ्या खेचून घेई. म्हणजे गाडीला थांबवायला गाडीचाच वेग वापरायचा. मला ही कल्पना फार आवडते. पैलवान समोरच्याचा रेटा वापरूनच त्याला चितपट करतो, त्यातला हा प्रकार. ही गाडी श्रीमंतांची होती खरी, पण ती गुळगुळीत खुर्च्यांपुरती नव्हती: १९२१ साली आंद्रे द्युबोनेने बूलोन्यची शर्यत हिच्यावर जिंकली. रोल्स-रॉइसने या सर्व्होचा परवाना घेतला आणि १९६०च्या दशकापर्यंत तो वापरला. त्यातला दोष एकच. चाके फिरत असतील तरच मदत. पार्किंगमध्ये मुंगीच्या गतीने सरकताना ती क्षणभर उशिरा येई.

अमेरिकेत दुसरी वाट निघाली. मॅल्कम लॉकहीडने ब्रेकच्या सळ्या काढून नळीतून द्रव पाठवला. १९२१ची फ्रेंच ग्रां प्री ल मांला जिमी मर्फीने ड्यूझनबर्गवर जिंकली, तिच्या चारही चाकांना असे हायड्रॉलिक ब्रेक होते. द्रवाने जोर सगळीकडे सारखा पोहोचू लागला, पण जोर वाढला मात्र नाही. तो अजून पायातूनच यायचा होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पोकळीवर चालणारा बूस्टर १९२७च्या सुमारास बेल्जियमच्या अल्बेर देवांद्रने काढला. जर्मनीत बॉशने तो हाती घेतला, इंग्लंडमध्ये लिंकन शहरात क्लेटन देवांद्र नावाची कंपनीच निघाली. त्याच सुमारास अमेरिकेत केलेब ब्रॅग आणि व्हिक्टर क्लिसरथ या जोडीचा बूस्टर १९२८च्या पिअर्स-ॲरोवर बसला आणि पुढे बेंडिक्सने तो धंदा घेतला. पहिला कोण, या वादात मला रस नाही. मला रस आहे ब्रॅगमध्ये. हा माणूस १९१२ साली मिलवॉकीला फियाट हाकत अमेरिकन ग्रँड प्राइझ जिंकलेला होता, वैमानिक होता, मोटारबोटींच्या शर्यती मारत होता. बूस्टर ही आरामखुर्चीच्या जातीची वस्तू असती तर ती अशा माणसाला कशाला सुचली असती? जोरात जाणाऱ्या गाडीला पायाने थांबवण्याचा घाम त्याने स्वतः गाळला होता.

आपल्याकडे पोकळीचा ब्रेक लोकांना ठाऊक होता तो रेल्वेतला. गाडीभर नळी, त्यात पोकळी, गार्डाच्या डब्यात तिचा काटा. पण तिथे गणित उलटे. रेल्वेत पोकळी असेल तोवर ब्रेक सुटलेला. साखळी ओढली, नळी फाटली किंवा डबे तुटले की हवा आत शिरते आणि ब्रेक आपोआप लागतो. मोटारीत पोकळी गेली की मदत जाते. रेल्वेचा ब्रेक बिघडला की गाडी थांबते, मोटारीचा बूस्टर बिघडला की गाडी थांबत नाही. नाव एक, स्वभाव दोन. म्हणून बूस्टरच्या होजमध्ये एकमार्गी झडप बसवली गेली. इंजिन मध्येच बंद पडले तरी डब्यात दोन-तीन दाबांपुरती पोकळी शिल्लक राहते. एवढीच काय ती शिल्लक.

१९३०च्या आसपास अमेरिकेतल्या काही महागड्या गाड्यांत बूस्टरची मदत कमी-जास्त करायची कळ डॅशबोर्डवर असे. कोरडा रस्ता, पाऊस, बर्फ. त्यानंतरची वीस वर्षे या कथेत फारसे घडत नाही. याचे कारण ड्रम ब्रेकच्या पोटात आहे.

ड्रम ब्रेकमध्ये शू आतून ड्रमला टेकतो. फिरता ड्रम त्या शूला आपल्याबरोबर ओढू पाहतो आणि त्या ओढीने शू आणखी घट्ट रुततो. घाटात चाकाखाली लावलेली उटी चाकाच्याच रेट्याने घट्ट बसते, तसे. म्हणजे ड्रम ब्रेकला स्वतःचा बूस्टर उपजतच असतो. म्हणूनच आपली कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी वर्षानुवर्षे वेगळ्या मदतीविना चालली. पण हा उपजत गुण दुधारी. तापून लायनरची पकड थोडी घटली की ती घट त्याच पटीने मोठी होऊन चाकापाशी पोहोचते. त्यात ड्रम तापून फुगतो आणि शूपासून दूर जातो. एक चाक धरते, दुसरे धरत नाही, गाडी एका अंगाला ओढते. अमेरिकेत १९५२च्या पॅकार्डपासून बूस्टर मोठ्या ड्रमच्या गाड्यांवर झपाट्याने पसरला, आणि तिथल्या जाहिरातदारांनी तो ‘अलगद बोटांनी ब्रेक’ अशा थाटात विकला. ‘सोय’ हा शब्द इतिहासाला चिकटला तो या जाहिरातींतून, असे माझे मत आहे. तोपर्यंत बूस्टर पंचवीस वर्षांचा झाला होता.

ज्या गोष्टीने खरी उलथापालथ केली ती डिस्क ब्रेक. कल्पना जुनी, फ्रेडरिक लँचेस्टरचे पेटंट १९०२चे. पण शर्यतीत ती सिद्ध केली जॅग्वार आणि डनलॉप यांनी. १९५२ साली रॅन्सला स्टर्लिंग मॉसने डिस्क ब्रेकच्या सी-टाइपवर शर्यत जिंकली. १९५३ला ल मांच्या चोवीस तासांत रोल्ट आणि हॅमिल्टन यांची सी-टाइप पहिली आली, सरासरी ताशी १७० किलोमीटरने. त्या शर्यतीची सरासरी शंभर मैलांपुढे जाण्याची ती पहिलीच खेप. तिसऱ्या आलेल्या अमेरिकी कनिंगहॅम गाडीचा सरळ रस्त्यावरचा वेग कमी नव्हता; तिला ड्रम ब्रेक होते, त्यामुळे वळणाआधी तिचा पाय आधी उचलावा लागे. चोवीस तासांत अशी किती वळणे येतात याचा हिशेब वाचकांनीच करावा.

डिस्क उघड्यावर असते, लवकर थंड होते, तापून पसरली तरी पॅडपासून दूर जात नाही. पण तिच्यात उटीचा तो गुण नाही. पॅड डिस्कवर काटकोनात दाबला जातो. फिरती डिस्क त्याला आणखी आत ओढत नाही. जितके दाबाल तितकेच मिळेल. तेव्हा डिस्क लावताच पायावरचे ओझे एकदम वाढले, आणि बूस्टरचा प्रश्न पुन्हा वर आला, तोही थेट शर्यतीच्या मैदानात. सी-टाइपवर यासाठी गिअरबॉक्सवरून चालणारा प्लेसी कंपनीचा हायड्रॉलिक पंप होता. म्हणजे घराणे बिर्किग्टचेच: गाडीच्या धावण्यातूनच मदत घ्यायची. इंजिनाच्या ओढीवर विसंबायचे नाही.

दोन वर्षांनी त्याच ल मांवर, ११ जून १९५५ला, ब्रेकच्या जातींमधला हा फरक साऱ्या जगाने फार वाईट रीतीने पाहिला. माइक हॉथॉर्नची डिस्कवाली डी-टाइप पिटमध्ये जाण्यासाठी वेग उतरवत होती. मागच्या ऑस्टिन-हीलीने तिला चुकवायला बाजू बदलली. तिच्यामागून फार मोठ्या वेगाने येणारी ल्व्हेगची मर्सिडीज तिच्यावर चढून प्रेक्षकांच्या दिशेने उडाली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. मर्सिडीजला ड्रम ब्रेक होते आणि त्यांच्या मदतीला मागे हवेत उघडणारे एक मोठे फळकूट. चौकशीत कोणा एका चालकावर ठपका आला नाही, दोष मुख्यतः त्या जुन्या, अरुंद मार्गाच्या रचनेला दिला गेला. माझा हॉथॉर्नबद्दलचा निवाडा मी इथे देत नाही. मात्र एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने धावणाऱ्या गाड्यांची थांबण्याची ताकद इतकी वेगळी असणे हाच धोका होता, हे म्हणायला चौकशी समितीची गरज नाही.

शर्यतीतून डिस्क रस्त्यावर आली आणि तिथे बूस्टर निवडण्याची जी तारांबळ झाली तिचा उत्तम नमुना म्हणजे जॅग्वार ई-टाइप. १९६१ची ३.८ लिटरची ही गाडी ताशी २४० किलोमीटरच्या गोष्टी करणारी, चारही चाकांना डिस्क. पण तिला दिलेला बूस्टर होता केल्सी-हेज पद्धतीचा, भात्यासारखा. त्याची मदत तोकडी पडे आणि ब्रेकबद्दल तक्रारी झाल्या. १९६४ला ४.२ लिटरचे इंजिन आले तेव्हा तो भाता काढून लॉकहीडचा बूस्टर दिला गेला. डिस्क तत्त्वाने त्याच, पण गाडीच्या ब्रेकबद्दलचे लोकांचे मत सुधारले. एका डब्याने एवढा फरक पडतो.

आता इंजिनाच्या श्वासाकडे. वेगवान गाडीच्या इंजिनात कॅमशाफ्ट असा घासलेला असतो की सेवन आणि उत्सर्गाच्या झडपा काही काळ दोन्ही उघड्या राहतात. वरच्या फेऱ्यांवर याने इंजिन भरभरून श्वास घेते आणि ताकद वाढते. पण आयडलला हाच प्रकार अंगाशी येतो. जळका वायू मॅनिफोल्डमध्ये परततो, ओढ घसरते. साध्या इंजिनाची ४५० ते ५३० मिलिमीटरची ओढ अशा इंजिनात २५० पर्यंत किंवा त्याहून खाली येते. वर दिलेले दोन आकडे आठवा. १९६०च्या दशकातल्या अमेरिकी ‘मसल’ गाड्यांत, आणि पुढे त्या हौसेने सजवणाऱ्यांच्या प्रत्येक पिढीत, हीच ठेच लागत आली: इंजिन पैलवान झाले आणि ब्रेकची मदत त्याच दिवशी अर्ध्यावर आली.

यावर एक समज पक्का झालेला आहे की म्हणून शर्यतीच्या गाडीला बूस्टर चालत नाही. मला हे पटत नाही. शर्यतीत चालक वेगाच्या टोकावर ॲक्सिलरेटर सोडतो. फेऱ्या चढलेल्या आणि थ्रॉटल बंद, म्हणजे ओढ सर्वांत जास्त नेमकी तेव्हाच असते. खरी गोची शहरात होते: इंजिन आयडलला, पाय दर दहा पावलांवर ब्रेकवर, डब्यातली शिल्लक संपलेली. किंवा रॅलीत, जिथे चालक उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून डाव्या पायाने ब्रेक दाबत राहतो, तेव्हा थ्रॉटल मिटतच नाही आणि डबा भरत नाही.

आमच्या भागातल्या ओळखीच्या एका मुलाने चार वर्षांपूर्वी शहरातल्या एका गॅरेजमधून आपल्या गाडीचा कॅम बदलून आणला. आयडलचा तो धडधडता आवाज ऐकायला निम्मी गल्ली जमली होती. हमरस्त्यावर ब्रेक उत्तम लागत होते. गळीत हंगामात, साखर कारखान्याच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत सरकताना तिसऱ्या-चौथ्या दाबाला पेडल दगडासारखे झाले आणि गाडी पुढच्या ट्रॉलीखाली गेली. रेडिएटर, बॉनेट आणि पुढची काच गेली, मुलाच्या खांद्याचे हाड मोडले. गाडी नंतर पाहायला गेलो तेव्हा मी माझा काटा मॅनिफोल्डला लावला. आयडलला २०० मिलिमीटरसुद्धा धड येत नव्हते. ब्रेक ऑइल ठीक, पॅड ठीक, बूस्टरचा पडदाही शाबूत. त्या गॅरेजने इंजिनाचे काम चोख केले होते. बूस्टर इंजिनावर जगतो हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नव्हते. मुलगा मला म्हणाला, “काका, ब्रेकला तर कोणी हातच लावला नव्हता.” त्याचे बरोबरच होते.

अशा गाडीपुढे इतिहासाने ठेवलेले पर्याय मोजके आहेत आणि प्रत्येकाची किंमत वेगळी. सर्वांत स्वस्त म्हणजे पोकळी साठवायची जादा टाकी. ती शिल्लक वाढवते, कमाई वाढवत नाही. लोक ती लावून निश्चिंत होतात, म्हणून मला तिची थोडी भीतीच वाटते. पडदा मोठा करावा तर इंजिनाच्या बाजूला जागा नसते, म्हणून दोन लहान पडदे एकामागे एक बसवतात. ओढ कमी असली तरी क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होते. वेगळा व्हॅक्युम पंप हा माझ्या मते सरळ उपाय. डिझेल गाड्यांना तो नेहमीच लागत आला, कारण डिझेलला थ्रॉटलची ओढच नसते; आपल्याकडे अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीशी बसलेला असतो. बेंडिक्सने १९७०च्या दशकात पॉवर स्टीअरिंगच्या पंपाचा दाब ब्रेकला वापरणारा हायड्रो-बूस्ट आणला. डबा लहान, ताकद प्रचंड, इंजिनाच्या श्वासाशी संबंध नाही. मात्र पंपाचा पट्टा तुटला तर स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही एकदम जड.

टर्बोने आणखी एक वळण दिले. टर्बो जोरात असताना मॅनिफोल्डमध्ये ओढ नसते, उलट दाब असतो. १९८०च्या दशकात ब्यूकच्या ग्रँड नॅशनल या टर्बो गाडीला म्हणून विजेच्या मोटरवर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर दिला गेला. त्याचा दाब वायू भरलेल्या एका छोट्या गोळ्यात साठे. तो गोळा जुना होऊन वायू गेला की मदत जाई. पुढे पुष्कळ मालकांनी ते यंत्र काढून पुन्हा साधा पोकळीचा डबा बसवला. पुढारलेल्या वस्तूकडून मागच्या वस्तूकडे जाण्याची उदाहरणे यंत्रांच्या इतिहासात कमी नाहीत, पण ती सहसा लिहिली जात नाहीत.

राहिला बूस्टर नकोच म्हणणारा पंथ. यात ढोंग आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्यात मोठमोठी नावे आहेत. फेरारी एफ ४० (१९८७) आणि गॉर्डन मरेची मॅक्लारेन एफ १ (१९९२) या दोन्ही बूस्टरविना होत्या. १९९६ची लोटस एलीसही, आणि तिचे वजन होते अवघे ७२५ किलोंच्या आसपास. तिघींतही इंजिन चालकाच्या मागे, म्हणून पुढच्या चाकांवर ओझे कमी. असे असेल तर पायाने भागते, पण त्यासाठी बाकी जोडणी तशी करावी लागते. ४० किलोंचा दाब पेडलच्या सहापट तरफेने २४० किलो होतो. मास्टर सिलिंडर १९ मिलिमीटरचा असेल तर नळीत चौरस सेंटिमीटरला ८४ किलो दाब मिळतो. तोच एक इंची असेल तर जेमतेम ४७. पण बारीक सिलिंडरला तेवढेच तेल ढकलायला पावणेदोन पट लांब जावे लागते, म्हणजे पेडल खोल जाणार. फुकट काहीच नाही. नुसता बूस्टर काढून टाकून त्याच पेडलवर, त्याच सिलिंडरवर गाडी पळवणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. ते फेरारीचे नाव घेतात आणि फेरारीचे हे गणित सोडून देतात.

फॉर्म्युला वनमध्ये १९९३पर्यंत काही संघांनी शक्तिचालित ब्रेक वापरले. १९९४पासून त्यांवर बंदी आली, चालकाचे कसब राहावे म्हणून. पण २०१४ला संकरित इंजिने आली आणि मागच्या चाकांतून वीज परत मिळवू लागली तेव्हा मागचे ब्रेक संगणकाच्या हाती द्यावेच लागले. पुन्हा तेच: नियम आवडीने केला, मोडला इंजिनाने.

विजेच्या गाडीत तर ओढायला मॅनिफोल्डच नाही. बॉशने २०१३ला आणलेला आयबूस्टर मोटर आणि गिअरने दट्ट्या ढकलतो. अल्फा रोमिओ ज्युलिया आणि २०२०ची कॉर्व्हेट यांत तर पाय फक्त मागणी नोंदवतो. पेडलखाली जो प्रतिकार जाणवतो तो मुद्दाम घडवलेला आहे. तरीही एक जुनी अट कोणालाच चुकलेली नाही. युरोपीय नियमांनुसार ताशी १०० किलोमीटरवरून छोटी गाडी ७० मीटरांत थांबली पाहिजे. आणि बूस्टर बंद पडला तर १६८ मीटरांत, तेही पेडलवर ५०० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ५१ किलोंपेक्षा, जास्त जोर न लावता.

हा ५१चा आकडा वाचल्यावर मी घरचा वजनकाटा उभ्या गाडीच्या पेडलवर धरून घरच्यांना एकेक करून बसवले. मी ७०च्या पुढे गेलो. कॉलेजात जाणाऱ्या भाच्याने ६४ केले. माझ्या पत्नीने पहिल्यांदा ३८ केले. खुर्ची दोन खाचे पुढे घेऊन, पाठ टेकवून पुन्हा दाबले तेव्हा काटा ५५वर गेला. गाडी घेतल्यापासून ती खुर्ची सगळ्यांत मागेच होती.